तिसऱ्या दिवसाची अबोली

“फुलां तू काडशील, येसो. लवूक हात लावूक दिव नको.”

हे वाक्य आबा, म्हणजे माझे वडील, अबोलीच्या वाफ्यात पाय पसरून बसल्या बसल्या बोलले. शुक्रवारची सकाळ होती. मी पाटाचे पाणी वळवून नुकताच आलो होतो आणि फावडे अद्याप माझ्या खांद्यावरच होते. आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. ते वाळलेले तुरे खुडीत होते, आणि प्रत्येक तुरा तळहातावर घेऊन, त्यात बी धरले आहे की नाही हे न्याहाळून, मगच टोपलीत टाकीत होते.

“कसली फुलां?” मी विचारले.

“कौलाची. सोमवारी देवीक कौल लावूचो आसा.”

“कसलो कौल?”

“मनातलो,” आबा म्हणाले, आणि पुढच्या झुडपाकडे सरकले.

मनातला कौल म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरील वाचकांस सांगणे अगत्याचे आहे. आमचे पोफळवणे हे गाव सावंतवाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी, सखल रानाच्या कुशीत वसलेले आहे. कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी गावकरी ग्रामदेवी माउलीस प्रश्न विचारतात. गुरव देवीच्या काळ्या पाषाणास स्नान घालतो आणि पाषाण ओला असतानाच तिच्या उजव्या व डाव्या खांद्यावर अबोलीचे एकेक फूल चिकटवतो. उजवे फूल आधी गळाले तर देवीचा होकार, डावे गळाले तर नकार. असे तीन वेळा करावयाचे. एरवी प्रश्न सर्वांदेखत मोठ्याने विचारला जातो. परंतु मनातल्या कौलात तो विचारणाऱ्याच्या अंतःकरणातच राहतो. गुरवाखेरीज तो कोणास सांगत नाहीत, आणि ज्याच्याविषयी कौल असेल त्यास तर मुळीच नाही.

तथापि आबांच्या मनात काय आहे हे ओळखण्यासाठी मला देवीकडे जाण्याची गरज नव्हती. आबांचे गुडघे त्या वर्षी पूर्णपणे धरले होते. देवीला नित्य सकाळी अबोलीची माळ देण्याचा मान आमच्या घराण्याचा होता, आणि ज्याच्याकडे तो मान त्याच्याकडेच पोफळीखालचा अबोलीचा मळा. माझ्या पणजोबांनी रानातून मुळांसकट आणलेल्या तीन झुडपांपासून तो मळा वाढलेला होता. मान दोन भावांत वाटला जात नाही. तो एकालाच मिळतो आणि दुसरा भाऊ पोट भरावयास अन्यत्र जातो. थोरला या नात्याने तो मला मिळावयास हवा होता. परंतु तसे असते तर आबांना कौल लावण्याचे प्रयोजनच काय होते? थोरल्याला डावलावयाचे असेल तेव्हाच देवीची अनुज्ञा लागते, असा मी अर्थ काढला. आणि फुले वेचण्याचे काम मला, व लवूने हातसुद्धा लावावयाचा नाही! नवरदेवास कोणी पाणी भरावयास सांगत नाही, तसे ते मला भासले.

लवू माझा धाकटा भाऊ. मी तेवीस वर्षांचा होतो, तो एकोणीस. मी सातवी उत्तीर्ण झालो होतो आणि मिळेल ते पुस्तक वाचीत असे. तो चौथीतच शाळेस कंटाळला होता. पण झाडांशी त्याचे काय नाते होते ते परमेश्वरच जाणे. आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस आबांनी आम्हा दोघांना अबोलीच्या चाळीस चाळीस काड्या लावावयास दिल्या होत्या. एकाच दिवशी कापलेल्या, एकाच मातीत लावलेल्या. मी सुतळी ताणून ओळ सरळ आखली, प्रत्येक काडीचे दोन पेर मातीत जातील असे मोजून घेतले. लवूने हाताला येतील तशा काड्या खुपसल्या आणि वर शीळ घातली. महिन्याने माझ्या ओळीत सात काड्या हिरव्या राहिल्या. लवूची एकही वाळली नाही.

“येसोचो हात गरम,” आबा शेजारच्या गोविंदकाकांना म्हणाले. “तेनी धरलां की रोपाक ताप येता.”

“दादा तेंका पुस्तक वाचून दाखयता,” लवू म्हणाला. “म्हणान ती निजतत, ती उठणतच नाय.”

सगळे हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी, मळ्यात कोणी नसताना, मी लवूच्या ओळीतील एक रोप उपटले, त्याची कोवळी मुळे बोटांनी खुडली आणि ते पुन्हा जागेवर खोचून ठेवले.

ते रोपसुद्धा जगले.

*

त्याच शुक्रवारी दुपारी लवू रानातून आला. त्याच्या डोक्यावर पोफळीच्या विरीत, म्हणजे गळालेल्या झापाच्या रुंद देठात, ओल्या मातीत गुंडाळलेले, एक झुडूप होते. पाने काळपट हिरवी, आणि शेंड्यावर अबोलीचाच तुरा. पण रंग आमच्या मळ्यातील फुलांहून गडद, जणू निखाऱ्यावर फुंकर घातली आहे.

आबा धडपडत उठले. “खंय गावली रे तुका?”

“वाघबिळाच्या खालती. व्हाळाच्या कडेक. चार झाडां होती, एकच हाडलंय.”

“बरां केलंस. सगळी हाडूची नसतत.” आबांनी तो तुरा नाकाशी नेला. अबोलीस वास नसतो हे आबांना माझ्याइतकेच ठाऊक होते. तरीही त्यांनी तो हुंगला. “ही आमच्या मळ्याची सख्खी भयण. बघ मरे, येसो, रंग बघ हेचो!”

मी पाहिला.

“उभो काय रवलंस? पाणी हाड तेका.”

मी पाणी आणले. लवूने खड्डा खणला, आबांनी माती लोटली. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की मी कळशीतून ओतलेली धार त्या दोघांच्या मध्ये पडावयास जागाच सापडेना.

शनिवारी आबा लवूस बरोबर घेऊन सावंतवाडीच्या बाजारास गेले आणि दिवस कलण्यापूर्वी परतले. आबांच्या काखेत कागदात बांधलेले नवे धोतर होते, तांबड्या काठाचे. मान स्वीकारणारा पुरुष नवे धोतर नेसून देवीला पहिली माळ घालतो, हा आमचा प्रघात. आईने ते धोतर पेटीत ठेवले.

“कोणासाठी गे, आये?” मी विचारले.

“माका इचारू नको.”

“लवूक व्हतलां मां?”

आईने पेटीचे झाकण लावले. “सोमवारी बघशीत. तुका धीर म्हणून नाय तो नायच.”

तिने ‘नाही’ म्हटले नाही, हे मी ध्यानात ठेवले.

आता मी जे केले ते सांगतो. अबोलीचा एक गुण असा आहे की खुडल्यावर तिसऱ्या दिवशीही ती रंगाने ताजीच दिसते. म्हणूनच आमच्याकडील स्त्रिया अबोलीचा वळेसर दोन दोन दिवस केसांत ठेवतात. मात्र तिचा ताठा जातो. पहिल्या दिवशीची पाकळी कडक असते, तिच्या कडा वर उचललेल्या असतात. तिसऱ्या दिवशीची मऊ पडते आणि जेथे ठेवाल तेथे ओल्या कागदासारखी सपाट बसते. माळा करणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलाच्या बोटांना हे ज्ञान आपोआप येते. मी ते कधी कोणास बोलून दाखविले नव्हते.

आईने केसांतून उतरवून परसात टाकलेला गुरुवारचा वळेसर मी उचलला. मळ्यातून दोन ताजी फुले आणली. विहिरीपाशी कपडे धुण्याची काळी धोंड होती. तिच्यावर पोहरा ओतला आणि उभ्या बाजूस एक शिळे फूल उजवीकडे, एक ताजे डावीकडे असे चिकटविले. मनात आकडे मोजू लागलो. तीसच्या आत ताजे फूल गळाले. शिळे तेथेच. पुन्हा केले. पुन्हा ताजेच गळाले. तिसऱ्या वेळी मी शंभरापर्यंत मोजले, तरी शिळे फूल हलले नाही; अखेरीस ते मला नखाने खरवडून काढावे लागले.

“धोंडीक फुलां कित्याक लावतंस रे?” आई मागे येऊन उभी होती. “ती काय देवी आसा?”

“काय नाय. बघतंय.”

“काय बघतंस?”

“रंग,” मी म्हणालो.

त्या दिवशीच्या माळेतून उरलेली थोडी फुले माजघरात होती. ती केळीच्या पानात गुंडाळून, वर ओले फडके घालून, मी भाताच्या कणगीमागे ठेवली. सोमवारी तो त्यांचा तिसरा दिवस होणार होता.

*

सोमवारी पहाटे फटफटल्यावर मी मळ्यात गेलो आणि ताजी फुले खुडली. फुले आणणाऱ्याने ती दोन वेगळ्या द्रोणांत आणावयाची असतात, उजव्या खांद्याची निराळी आणि डाव्या खांद्याची निराळी. डाव्या द्रोणात मी ताजी फुले ठेवली. उजव्यात कणगीमागची. दोन्हींवर पाणी शिंपडले. शेजारी शेजारी धरून पाहिले तर मला स्वतःलाही भेद दिसेना.

देवळात आठ-दहा माणसे जमली होती. धाकू गुरव वृद्ध झाले होते, त्यांना कमी दिसू लागले होते. पण आवाज खणखणीत होता.

“येसो, फुलां हाडलंस?”

“हाडलंय.”

“तुच काडलंस मां? दुसऱ्या कोणाचो हात नाय मां लागलो?”

“माझ्याच हातची आसत.”

“बरां,” गुरव म्हणाले, आणि त्यांनी द्रोण घेताना माझ्या मनगटावर हलकेच थोपटले. त्या थोपटण्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

लवू पुढे येऊ लागला तसे गुरव ओरडले, “ए झिला, तू थंयच रव! घंटेच्या हंयसर येव नको.”

“कित्याक? माका काय सुतक आसा?”

माणसे हसली. गोविंदकाका म्हणाले, “सुतक नाय, पण तुझे पाय चिखलाचे आसत. देवी म्हणतली, रेडो कोणी हाडलो देवळात.”

लवू हसत हसत खांबापाशी उभा राहिला. मला मात्र गुरवांच्या त्या ओरडण्यात त्याचा मोठेपणाच दिसला. ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे, त्याला दूर ठेवीत आहेत, असे मी मनाशी म्हणालो.

गुरवांनी पाषाणावर तीन घागरी पाणी ओतले. फुले लावली. हात जोडून त्यांनी साकडे घातले, “बा माउली, ह्यां तुझां लेकरू मनात काय धरून इलां आसा तां तुका ठावक. मनातलां व्हवचां असात तर उजवी दी, नसात तर डावी दी. पण लेकराक अधांतरी ठेव नको!”

“व्हय म्हाराजा!” माणसे म्हणाली.

आबा समोर बसले होते. गुडघे दुमडत नसल्याने त्यांनी एक पाय पुढे पसरला होता आणि देवीकडे पाय नको म्हणून तो कसाबसा वळवून धरला होता. त्यांचे डोळे मिटलेले होते.

डावे फूल गळाले.

गुरवांनी उजवे फूल नखाने काढून बाजूस टाकले, पुन्हा पाणी ओतले, दुसरी जोडी लावली. त्यांतील एक तर लावताक्षणीच सुटले. डावे फूल देवीच्या पायाशी पडले. आबांचे ओठ हलू लागले.

तिसऱ्या जोडीच्या वेळी मात्र विपरीत घडले. पाण्याचा एक ओघळ देवीच्या मुकुटावरून उतरला आणि नेमका उजव्या फुलाखाली शिरला. फुलाची एक कड सुटली. ते लोंबकळू लागले. डावे फूल ताठ उभे. ज्या देवीला मी फसवीत होतो तिलाच मी मनोमन विनविले, की हे माउली, ते धरून ठेव. लवूला देऊ नको. मला नाही दिलेस तरी चालेल, पण त्याला देऊ नको. मी असे म्हणालो, हे मला आजही शब्दशः आठवते.

डावे फूल पडले.

आबांनी डोळे उघडले. तीन फुले देवीच्या डाव्या पायाशी होती. त्यांनी ती पाहिली, आणि मग मान वळवून माझ्याकडे पाहिले. लवूकडे नाही, माझ्याकडे. त्या दृष्टीत राग नव्हता. मला ती क्षमा मागितल्यासारखी वाटली, आणि मी असा अर्थ लावला, की थोरल्याला डावलू पाहिल्याची त्यांना लाज वाटत आहे.

“देवीची मर्जी,” आबा म्हणाले. “लवू, केर काड रे देवळातलो.” आणि ते गोविंदकाकांच्या आधाराने उठले.

घरी जाताना मी त्यांच्या मागून चाललो होतो. मला गाणे म्हणावेसे वाटत होते.

*

कौलानंतर अकराव्या दिवशी आबांनी मान लवूच्या स्वाधीन केला.

मला ते सकाळी अंगणात कळले. लवू आंघोळ करून उभा होता आणि आबा त्याला धोतर नेसवीत होते. ते नवे धोतर नव्हते. आबांनी आपलेच एक धुतलेले धोतर त्याला दिले होते. हे माझ्या डोळ्यांनी टिपले. परंतु त्याचा अर्थ लावण्याइतकी शुद्ध मला उरली नव्हती.

“आबा, ह्यां काय?”

“आजपासून माळ लवू घालतलो.”

“देवीन नाय म्हटल्यान! तीनदा नाय म्हटल्यान! सगळ्या गावान बघल्यान. तरी तुमी लवूक देतास?”

आबांनी धोतराची निरी खोचली. “देवीन काय म्हटल्यान तां माका ठावक.”

“तुमका देवी पण नको! तुमका फक्त लवू व्हयो! माझो हात गरम, माझी रोपां मरतत, माका पाणी हाडूक ठेवलास. मगे कौल तरी कित्याक लावलात?”

“दादा, ऐक तरी...” लवू पुढे झाला.

“तू गप रव! तुका शीळ घातली तरी पुरता, सगळां आपोआप उगावता!”

आबांनी हात उचलला. मला वाटले, ते मारणार. पण त्यांनी तो हात माझ्या खांद्यावर ठेवला. “येसो,” ते म्हणाले, “माका इचारू नको. सांगूची रीत नाय.”

मी खांदा झटकून घरात गेलो, दोन सदरे आणि चार पुस्तके पिशवीत घातली, आणि दुपारच्या एस.टी.ने कोल्हापूरला निघालो. आई बांधापर्यंत मागे आली. लवू त्याच्याही पुढे, रस्त्यापर्यंत. मी पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसलो.

कोल्हापुरात मला एका पुस्तक बांधणीच्या दुकानात काम मिळाले. फर्मे जुळवावे, शिवावे, खळ लावावी, पुठ्ठा चढवावा. जी पुस्तके शिवली ती वाचीत गेलो. जे थोडेफार लिहितो ते त्यातूनच आले. पुढे विवाह झाला, मुलगी झाली. आबा वारले तेव्हा तेरा दिवस गावी राहिलो, पण मळ्यात पाऊल ठेवले नाही. माझ्यासमोर कोणी अबोलीचा वळेसर माळून गेले तरी मी दुसरीकडे पाहत असे. पत्नीने एकदा हौसेने विकत आणला, तर मी तिला म्हणालो, मोगरा आण.

*

सव्वीस वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, लवू दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. केस पांढरे झाले होते; हातांना मात्र तीच काळी माती. मी दाभण-दोरा हातात धरून एक जाड पोथी शिवीत होतो.

“दादा, आयेन धाडल्यान माका,” तो म्हणाला. “पेटयेची चावी तिना इतकी वर्सां कोणाक दिल्यान नाय. परवा म्हणाली, ह्यां येसोचां, तेका नेवन दी. मी आता किती दिवस जगतलंय.”

त्याने कागद सोडला. आत तांबड्या काठाचे धोतर होते. घड्यांवर पिवळ्या रेषा उमटल्या होत्या.

“ह्यां तुझां,” मी म्हणालो. “आबांनी तुझ्यासाठी घेतलेलां.”

“माझां?” लवू हसला. “आता तरी नाटक सोड. आबान तुझ्यासाठी घेतलेलां. कौल तुझोच होतो मां.”

माझ्या हातातील दाभण थांबले.

“ज्याच्यासाठी मनातलो कौल, तेच्याच हातची फुलां. दुसऱ्या कोणाचो हात लागता नये,” लवू सांगू लागला, जणू मला ठाऊक असलेलीच गोष्ट आठवण म्हणून सांगत होता. “आणि देवीन नाय म्हटल्यान, तर तेका सांगूचां नाय, तेचां मन मोडता. आबान माका तू गेल्यार सांगल्यान. आबा म्हणालो, थोरलो तो थोरलो, मळो येसोकच देवचो होतो. तेचो हात गरम, म्हणान देवीक इचारलंय, तुका चलात मां? लवू खंयपण उगावता, पण येसोक कोणी तरी धरूक व्हया. ह्यां असां म्हणालो आबा.”

बाहेर रस्त्यावरून बर्फाची गाडी गेली. तिचे पाणी पायरीपर्यंत ठिबकत आले. मी ते पाहत राहिलो.

“पण माका आदीच कळलेलां,” लवू आवाज खाली आणून म्हणाला. “देवळातलो केर मिया काडलंय. डावी फुलां ताजी. उजवी तीन गुरवान नखान काडून टाकलेली. ती मी हातात घेतलंय. तिसऱ्या दिसाची, दादा. गुरवाक दिसणा नाय, पण माका कळणा नाय काय?”

मी दाभण पोथीत तसेच खुपसून ठेवले.

“पयलां वाटलां, चूक झाली तुझी. पण तू शिळां फूल देवीक हाडशील? तू, सुतळी लावन वळी आखणारो? मगे आबान सांगल्यान कौल तुझो होतो, आणि माका समाजलां.”

“काय समाजलां?” मी विचारले. माझा आवाज मला परका वाटला.

“तुका ती रीत म्हायत होती. तू पुस्तकां वाचतंस, तुका सगळां म्हायत. तुका आबाक नाय म्हणवत नव्हतां. आणि माझो जीव त्या मळ्यात, तां पण तुका दिसत होतां. म्हणान तू तुझोच कौल डावो केलंस. आणि वर आबाशी भांडान गेलंस, म्हणजे कोणाक संशय येव नये.” त्याचे डोळे भरून आले होते. “तो मरेपर्यंत मी आबाक सांगलंय नाय. तेका वाटत होतां, देवीन नाय म्हटल्यान. पण माका म्हायत आसा, दादान दिल्यान.”

आणि तो वाकला. दुकानात खळीचे डबे, कात्रणे, पुठ्ठ्याचा भुसा पसरला होता. त्यातच त्याने गुडघे टेकले आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावले.

“ऊठ,” मी म्हणालो. “ऊठ रे. कपडे खराब होतले.” आणि मग, “चाय घेतंस?”

आम्ही चहा घेतला. त्याने खिशातून अबोलीचा एक वाळका तुरा काढला आणि त्यातील एक लहानशी शेंग माझ्या तळहातावर ठेवली. लहानपणी आम्ही हा खेळ खेळत असू. वाळक्या शेंगेवर पाण्याचा थेंब टाकावयाचा आणि श्वास रोखून वाट पाहावयाची. लवूने पेल्यात बोट बुडवून एक थेंब सोडला. क्षणभर काही झाले नाही. मग शेंग ताडकन फुटली आणि चार बिया उडाल्या. दोन माझ्या हातात राहिल्या, दोन पोथीच्या उघड्या पानांवर पडल्या.

“ही वाघबिळाखालची,” लवू म्हणाला. “गडद रंगाची. डब्यात लाव.”

“माझो हात गरम आसा.”

“कोण म्हणता? आबाक काय, लोकांका हसवूक बरां वाटायचां.”

दुपारच्या गाडीने तो परत निघाला. स्टँडपर्यंत मी त्याच्यासोबत चालत गेलो. वाटेत तीन वेळा मी थांबलो आणि तीन वेळा त्याने मागे वळून विचारले, “काय रे, दादा?” मी म्हणालो, “चप्पल.” गाडी सुटताना त्याने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला, आणि गाडी वेगात येईपर्यंत सोडला नाही.

आयुष्यातील सव्वीस वर्षे मी लवूचा हेवा केला. त्या मंगळवारपासून तो संपला. त्याच्या जागी दुसऱ्याच एका माणसाचा हेवा मला जाळू लागला, आणि तो आजतागायत शमलेला नाही. तो माणूस म्हणजे लवूचा दादा. ज्याने स्वतःचा कौल डावा करून धाकट्या भावास मळा दिला आणि मुकाट्याने गाव सोडले. लवू सव्वीस वर्षे त्याच्या नावाने नित्य एक फूल देवीच्या माळेत अधिक ओवीत आला होता. हेही त्याने मला चहा पिताना, सहज म्हणून, सांगितले होते.

धोतर पेटीत आहे. मी ते एकदाही नेसलो नाही.

बिया मी खळीच्या रिकाम्या डब्यात लावल्या आणि दुकानाच्या खिडकीत ठेवल्या. पंधरा दिवसांनी डोकी वर आली. ती वाळतील म्हणून महिनाभर मी वाट पाहिली; एकही वाळले नाही. मग लवूला पोस्टकार्ड लिहिले: ‘चारही उगवल्या.’ खाली पुष्कळ जागा उरली होती. लेखणी हातात धरून मी दुकान बंद करावयाच्या वेळेपर्यंत त्या कोऱ्या जागेसमोर बसलो, आणि अखेरीस ती तशीच ठेवून कार्ड टपालपेटीत टाकले.